सही घेण्याआधी

पक्षकार कोण, हे आधी ठरव. फौजदारी करणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्याला रोज पडतो. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजी रिक्षातून उतरतात, मुलाने दंडाला धरलेलं असतं, फाईल त्याच्या काखेत, बोलतो तो, फी किती हे विचारतोही तोच. कागद मात्र आजींच्या घराचा असतो. तेव्हा तुझी पक्षकार आजी. मुलगा चांगला असेल, बहुतेक वेळा असतोच, तरीही. पहिल्याच बैठकीत त्याला सांग, "दादा, मी आईंचं काम बघणार. उद्या तुमचं आणि त्यांचं म्हणणं वेगळं पडलं तर तुम्हाला दुसरा वकील बघावा लागेल." चांगल्या मुलाला यात काही खुपत नाही. ज्याला खुपतं तो फाईल उचलून निघून जातो. त्याला जाऊ द्यावं.

मग आजींशी एकट्याने बोल. कितीही घाई असो, रजिस्ट्रार ऑफिसातला नंबर निघून जात असो, ही गोष्ट टाळायची नाही. दार लोटून घे. ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला खुर्ची ओढ आणि आवाज न चढवता सावकाश बोल. कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर सरळ दुसरा दिवस दे. विसराळूपणा सुरू झालेली बरीच माणसं सकाळी ताजी असतात आणि दिवस कलला की गोंधळतात. त्यांना सकाळचीच वेळ द्यायची, आपल्या तारखा त्याप्रमाणे सांभाळायच्या.

प्रश्न कसा विचारतेस यावर सगळं आहे. "घर मुलाला द्यायचंय ना?" असं विचारलंस तर मान डोलावण्यापलीकडे त्याला उत्तर नाही. त्यापेक्षा असं विचार: हे घर कोणाच्या नावावर आहे? मुलं किती? बाकीच्यांना काय द्यायचं ठरवलंत? आणि घर दिल्यावर तुम्ही कुठे राहणार? या शेवटच्या प्रश्नावर कितीतरी बायका थबकतात, कारण तो तोवर कोणी विचारलेलाच नसतो.

अडाणी माणसाला समज नाही, असं कधी धरू नकोस. समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याचे दिवस होते. सिन्नरकडच्या एका विधवा काकूंना त्यांचे पुतणे माझ्याकडे घेऊन आले. हक्कसोडपत्र टाईप करूनच आणलेलं. "काकूंना आता काही कळत नाही, तुम्ही फक्त अंगठा घ्या," म्हणाले. मी त्यांना बाहेर बसवलं. काकूंना गट नंबर सांगता येईना. मग विचारलं, शेत कोणतं? "विहिरीचं." त्याच्या उगवतीला काय? "वढा." मावळतीला? "थोरल्या दिराची वाटणी. मधल्या बांधावर बाभूळ होती, ती त्यांनी तोडली." खालच्या अंगाला गाडीवाट, वरच्या अंगाला कोणाचं कुंपण, कोणत्या साली विहिरीचं पाणी आटलं, सगळं धडाधडा. सातबाऱ्यावर नसलेली चतुःसीमासुद्धा त्यांना पाठ होती. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की समोरच्या कागदाने त्या आपला हिस्सा सोडून देत होत्या. पैसे बँकेत यायला अंगठा लागतो, असं त्यांना सांगितलं होतं. तो कागद तिथेच राहिला, आणि पुढे त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली. म्हणून म्हणते, गट नंबर विचारू नकोस, बांध विचार. आणि जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

हे लिहून ठेवणं मी फार मानते. प्रत्येक भेटीचं टिपण असू दे: तारीख, खोलीत कोण होतं, कोण बाहेर होतं, मी काय विचारलं, पक्षकार काय म्हणाले. अर्धं पान पुरतं, पण त्याच दिवशी. पडदानशीन, अशिक्षित, थकलेल्या माणसाने करून दिलेल्या दस्ताकडे न्यायालय वेगळ्या नजरेने बघतं. दस्त त्यांना समजला होता, स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हे ज्याला फायदा झाला त्याने सिद्ध करायचं असतं. प्रीव्ही कौन्सिलच्या काळापासून चालत आलेला हा नियम सर्वोच्च न्यायालयानेही पुन्हा पुन्हा उचलून धरला आहे. मृत्युपत्राचंही तेच. १९५९ च्या वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची. तुझं टिपण वीस वर्षांनी कोणाच्या कामी येईल सांगता येत नाही. तेव्हा ती आजीही नसेल, साक्षीदारही नसतील.

या कामाची परंपरा आपल्या नाशिकचीच आहे, हे तुला माहीत असावं. कॉर्नेलिया सोराबजी इथे १८६६ मध्ये जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. बाईला वकिली करायला मुभाच नव्हती. ती मिळाली १९२३ च्या कायद्याने. तोवर त्या गप्प बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगाल-बिहारकडच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी त्यांनी पडद्यातल्या विधवांच्या आणि अज्ञान मुलांच्या इस्टेटींचं काम पाहिलं. पुरुष वकिलाला जिथे पाऊल टाकता येत नव्हतं तिथे त्या आत जाऊन बसत आणि त्या बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकत. आपण दार लोटून घेतो ते याच रांगेतलं.

आता दस्ताच्या खोलीतल्या गोष्टी. दस्त मराठीत कर. इंग्रजी मसुदा असेलच तर मराठीत वाचून, समजावून सांगितल्याची ओळ शेवटी घाल आणि ज्याने वाचून दाखवलं त्याची सही घे. अंगठा असेल तर "नि. डा. अं.", म्हणजे निशाणी डावा अंगठा, असं लिहून नाव कोणी लिहिलं तेही नमूद कर. वारस किंवा त्याचा नवरा-बायको साक्षीदार नको. साक्षीदार पक्षकारापेक्षा वयाने लहान बघ आणि त्यांचा पत्ता पूर्ण घे. डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा हवा आणि डॉक्टरने माणसाला खरोखर तपासलेलं हवं. छापील फॉर्मवर सही करून देणाऱ्यांचा दाखला साक्षीत टिकत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येतात, नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. त्यासाठी अर्ज कर. स्ट्रेचरवरून माणसाला ऑफिसात आणलेलं मी पाहिलंय आणि ते बघवत नाही.

बक्षीसपत्रावर मात्र थोडं थांबून बोलते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त रडारड याच दस्तावरून होते. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडं, नवरा-बायको, मृत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो. शहरात वर स्थानिक अधिभार. एवढ्या स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर म्हातारी माणसं हयातीतच घर लिहून देतात. "शेवटी त्याचंच आहे ना" हे वाक्य तू रोज ऐकशील. प्रत्येकाला सांग, शेवटी त्याचं होईल, पण अजून शेवट आलेला नाही. मृत्युपत्र कर, तेच घर मुलाला दे, मुद्रांकाचे तेवढेही पैसे लागत नाहीत आणि मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की आपल्या मर्जीने परत घेता येत नाही.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असा हट्ट असेल तर अट लिही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं गृहीत धरता येणार नाही. २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ सढळपणे लावा. त्या आईजवळ मुलाने त्याच दिवशी लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आपण कोर्टाच्या सढळपणावर अवलंबून राहू नये. "देणार हयातभर याच घरात राहतील, त्यांचं जेवणखाण, औषधपाणी, दवाखाना घेणाऱ्याने करायचा, न केल्यास दस्त रद्द होईल" असं ठसठशीत लिही. मुलाने भुवया उंचावल्या तर तिथेच कळतं.

मुखत्यारपत्राबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. "बाबांना विसरायला होतंय, मुखत्यारपत्र करून ठेवू म्हणजे पुढची काळजी नाही." उलट आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की आपल्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं, नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच. इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. म्हणून भान असतानाच मृत्युपत्र, जोडखाती आणि गरज असेल तर ट्रस्ट उरकून घ्यायला सांग. भान गेल्यानंतर मग जिल्हा न्यायालयातून किंवा हायकोर्टात रिट करून पालक नेमून घ्यावा लागतो. बेशुद्धावस्थेतल्या माणसांसाठी मुंबई हायकोर्टाने असे पालक नेमलेले आहेत, पण तोपर्यंत दवाखान्याचं बिल थांबत नाही.

आता ट्रस्ट. हे काम मला सगळ्यात जवळचं आहे. मतिमंद किंवा स्वमग्न मुलाचे आईवडील येतात तेव्हा त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचं काय? तो तोंडातून बाहेर पडायला कधी तास लागतो. घाई करू नकोस, त्यांना सांगू दे. मग आधी एक गैरसमज दूर कर. ट्रस्ट म्हटलं की लोकांना धर्मादाय आयुक्त आठवतात. तो सार्वजनिक ट्रस्ट, १९५० च्या कायद्याखालचा. आपल्याला करायचा तो खासगी ट्रस्ट, १८८२ च्या कायद्याखाली. त्यात घर-जमीन असेल आणि तो मृत्युपत्राने केलेला नसेल तर दस्ताची नोंदणी सक्तीची. २०० रुपयांची सवलत नातेवाईकाला दिलेल्या बक्षिसाला आहे, ती इथे लागू धरू नकोस, मुद्रांक आधी नीट तपास. करासाठी मसुद्याआधीच सी.ए.ला बसव. नंतर बसवलंस तर मसुदा पुन्हा लिहावा लागतो.

ज्यांच्याजवळ एकच फ्लॅट आणि थोड्या ठेवी आहेत त्यांना ट्रस्टच्या भानगडीत पाडू नकोस. त्यांना नीट लिहिलेलं मृत्युपत्र आणि विश्वासाचा पालक पुरतो. ट्रस्टचं पॅन, खातं, हिशोब, विवरणपत्र हे दरवर्षीचं काम कोणाला तरी करावं लागतं.

ट्रस्ट करायचाच असेल तर विश्वस्त किमान दोन घे आणि त्यातला एक घरच्याबाहेरचा. सख्खा भाऊ विश्वस्त चालेल, पण मुलानंतर उरलेलं सगळं त्यालाच मिळणार असेल तर तो एकटा नको. आज तो भला आहे, पण औषधावर खर्च केलेला प्रत्येक रुपया त्याच्या स्वतःच्या वाट्यातून कमी होणार, आणि अशा पेचात कोणालाही ठेवू नये. विश्वस्त मेला, परदेशी गेला, थकला तर पुढचा कोण, हे लिही. मेहनताना द्यायचा असेल तर तोही लिही. दस्तात नसेल तर विश्वस्ताला तो मागता येत नाही. काही अडलं तर कलम ३४ खाली न्यायालयाला सल्ला विचारता येतो, हे विश्वस्तांना सांगून ठेव.

आणि खर्चाचं कलम हात राखून लिहू नकोस. "पालनपोषण आणि वैद्यकीय खर्च" एवढंच लिहिलंस तर काटेकोर विश्वस्त मुलाला जत्रेतल्या पाळण्याचेही पैसे देणार नाही. सहल, कपडे, मोबाईल, गाणं शिकायचा क्लास, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, वाढदिवस, सगळं घाल. दस्ताबरोबर आईकडून एक पत्र लिहून घे. त्याला कायद्याचं बळ नाही, पण त्याची किंमत मोठी. एका आईने लिहून दिलं होतं: त्याला वरणात लिंबू लागतं, आंघोळीचं पाणी आधी हातावर घालून दाखवा, फटाक्याला घाबरतो म्हणून दिवाळीत मामाकडे खेड्यावर न्या, आणि रागावला तर बोलू नका, शेजारी बसा. ट्रस्टच्या दस्तात असलं काही मावत नाही. विश्वस्त ते पत्र दस्ताच्या आधी वाचतात.

दोन किरकोळ वाटणाऱ्या पण मोठ्या गोष्टी. वडील सरकारी नोकरीत असतील तर अपंग मुलाचं नाव ते हयात असतानाच निवृत्तिवेतनाच्या कागदांत घालून घे. नंतर वारसाला फार हेलपाटे पडतात. आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत मुलाचा १ लाखाचा आरोग्यविमा निघतो. बऱ्याच आईबापांना तो ठाऊक नसतो.

पालकत्वाची घाई करू नकोस. बँकेतला अधिकारी "गार्डियनशिप आणा" म्हणतो म्हणून अर्ज करायचा नसतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने त्या व्यक्तीला मालमत्ता बाळगायचा, वारसाने मिळवायचा, पैशाचे व्यवहार करायचा इतरांइतकाच हक्क दिलाय. त्याच कायद्यात लिहिलंय, आधार देणाऱ्याचं हित आड येत असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावं. मानसिक आजार आहे म्हणून माणूस वेडा ठरत नाही. तसं २०१७ च्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय, ठरवायचं ते सक्षम न्यायालयाने. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांत खरोखर गरज असेल तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जा. पण आधी बघ, मुलाला थोडं समजावून, हात धरून निर्णय घेता येतो का. बरेचदा येतो.

सातबारा हातात आला की आधी "इतर हक्क" वाच. मालकांची नावं सगळेच वाचतात. बहिणींची नावं तिकडच्या रकान्यात टाकून दिलेली असतात, आणि त्यांना तसं केल्याचं माहीतही नसतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो आहे, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालं. नावापुढे "अ.पा.क." दिसलं तर अज्ञान मुलाचं वय काढ. अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून आई किंवा वडिलांनी विकली असेल तर सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत त्याला दाद मागता येते. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला १५ दिवस असतात. बाई सासरी असते, नोटीस माहेरी लागते. म्हणून अशा पक्षकाराच्या गटावर ऑनलाईन नजर ठेव.

फीचं सांगते. पैसे पक्षकाराच्या खात्यातून घे, पावती पक्षकाराच्या नावाने फाड. बाईला, मुलांना, अपंग व्यक्तीला फुकट वकील मिळायचा १९८७ च्या कायद्याने हक्क आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना तालुक्याच्या विधी सेवा समितीत स्वतः घेऊन जा. मिळालेल्या मालमत्तेत वाटा मागू नकोस, बार कौन्सिलला ते मान्य नाही. पक्षकाराची जमीन स्वतः किंवा घरच्यांच्या नावे विकत घेऊ नकोस, ती कितीही गळ्यात पडली तरी. लॉकरची चावी, एटीएमचं पिन, सह्या केलेले कोरे चेक ठेवून घेऊ नकोस. एकट्या म्हाताऱ्या बायका तुला मुलगी म्हणतील आणि घर तुझ्या नावावर करायचं म्हणतील. त्यांचा हात हातात घे, आणि त्याच दिवशी दुसऱ्या वकिलाचा पत्ता दे.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो. त्या महिन्यात आपल्या सगळ्या एकट्या पक्षकारांना फोन कर. "दाखला दिलात का" एवढंच विचारायचं. मग आवाजावरून कळतं बाकीचं. औषधं कोण आणतं, पासबुक कोणाकडे, कोणी नवीन माणूस घरात राहायला आलाय का. एखादी म्हणाली, "फोन हिच्याकडेच असतो, मला मिळत नाही," तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी जा.

मी ज्या ट्रस्टांची आणि पालकांची कागदपत्रं तुझ्याकडे देतेय, त्यांच्या फाईली डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. पालकाने नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशोब. म्हणजे ३० जून. एप्रिलमध्येच पालकांना आठवण कर, पावत्या वर्षभर एका डब्यात टाकायला सांग. आणि हिशोब बघताना बेरीज नंतर बघ. आधी बघ की मुलासाठी म्हणून काय विकत आणलं.